इम्युनॉलॉजी: रेणूंपासून की प्रयोगांपासून?

सोलापुरात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करणाऱ्या पोरांना इम्युनॉलॉजीचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा, पेपर आला की बहुतेक जण रेणूंपासून सुरुवात करतात. अँटिबॉडीच्या (जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनाच्या) दोन जड साखळ्या, दोन हलक्या, पाच वर्ग, मग एमएचसी, म्हणजे जंतूंचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दाखवणारे रेणू. परीक्षेपुरती ही वाट सरळ आहे: आकृती काढा, नावं द्या, मार्क घ्या. पण सीडी४, सीडी८, आयएल-२ ही पेशींवरच्या खुणांच्या आणि संदेशवाहक रेणूंच्या नावांची चळत पेपर संपताच डोक्यातून उतरते.

दुसरी वाट प्रयोगांची. १८८२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफनं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचा सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) दुसऱ्या प्राण्याला वाचवतो. मग खरा वाद पेटला. संरक्षण पेशी करतात की रक्तातला द्रव? १९०८ चं नोबेल पेशींच्या बाजूचे मेचनिकॉफ आणि द्रवाच्या बाजूचे एर्लिख यांना विभागून मिळालं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. हे भांडण कळलं की जन्मजात आणि अर्जित प्रतिकारशक्तीतला फरक घोकावा लागत नाही. जंतुशास्त्रज्ञ हाफकिननं तर प्लेगची लस मुंबईतच बनवली आणि १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली.

या वाटेनं वेळ मात्र जास्त जातो. शिवाय व्हीडीजे पुनर्रचना (जनुकांचे तुकडे वेगवेगळे जुळवून तऱ्हेतऱ्हेच्या अँटिबॉडी बनणं) गोष्टीतून कळत नाही, तिथं ते तुकडे कागदावर मांडावेच लागतात.

माझं मत प्रयोगांच्या बाजूनं. मे महिन्यात सोलापूरचं ऊन तसंही घराबाहेर पडू देत नाही. तेव्हा हे प्रयोग वाचून काढा, आकृत्या कॉलेज सुरू झाल्यावर.