घरच्या पास्ता पार्टीसाठी लाइव्ह कढई की मांडलेलं टेबल?

इंदूरच्या लग्नांत पास्त्याचं लाइव्ह काउंटर आता इतकं रुळलंय, की दहा-बारा जणांना घरी ‘आपापला पास्ता बनवा’ म्हणून बोलवायचं ठरलं की डोळ्यांसमोर तेच येतं. एक जण कढई घेऊन उभा, पुढ्यात वाट्यांमधून चिरलेल्या भाज्या, आणि पाहुणे सांगतायत, “मला रेड, तिखट जरा जास्त, ऑलिव्ह नको.” दुसरा मार्ग असा, की पास्ता उकडून, सॉस गरम करून, भाज्या परतून सगळं टेबलावर मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने आपल्या बाऊलमध्ये जुळवून घ्यायचं. दोन्ही प्रकार मी आमच्या घरी केले आहेत. आता बहुतेक वेळा एकाच बाजूला वळतो, पण दुसऱ्यात दम नाही असं मुळीच नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

लाइव्ह कढईची चव सरस असते. पास्ता अर्धवट कच्चा असतानाच सॉसमध्ये टाकला, त्यावर पास्ता उकडलेलं पाणी पळीभर घातलं आणि मिनिट-दोन मिनिटं मोठ्या आचेवर हलवलं, की त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि टोमॅटोचा रस एकजीव होतात आणि सॉस पास्त्याला धरून राहतो. बाऊलमध्ये वरून ओतलेला सॉस तितका धरत नाही, तळाशी थोडा उतरतोच. शिवाय लसूण तेलात पडल्याचा वास घरभर जातो आणि गप्पा मारणारी माणसं आपोआप स्वयंपाकघराकडे सरकतात. मुलांना तर हा प्रकार फारच आवडतो. उशिरा येणाऱ्यांचीही सोय होते. आमच्याकडे ‘आठला या’ म्हटलं की पहिली गाडी साडेआठला लागते आणि शेवटची कधी लागेल ते सांगता येत नाही. कढई असली की जो येईल त्याला ताजं मिळतं.

एवढं असूनही मी त्यापासून दूर झालो ते एकाच गोष्टीमुळे. सगळे एकत्र जेवत नाहीत.

कागदावर ही गोष्ट किरकोळ दिसते, पण घडताना पाहिली की फार लागते. पहिला बाऊल वडीलधाऱ्यांना द्यायचा, तसा आमच्या मावशीला दिला जातो. मावशी तो हातात धरून बसते, कारण बाकीच्यांच्या हातात काहीच नाही. “तुम्ही सुरू करा हो, गार होईल,” असं तिला तिघेचौघे सांगतात, ती “येऊ देत ना सगळ्यांचं” म्हणते, आणि तोवर व्हाइट सॉस घट्ट होऊन काट्याला एक गोळा येऊ लागतो. सहावा बाऊल निघेपर्यंत पहिल्या दोघांचं खाऊन झालेलं असतं, ते दुसऱ्यांदा घ्यायला येतात, आणि ज्यांना एकदाही मिळालं नाही ते सौजन्याने त्यांना पुढे जाऊ देतात. रांग कधी संपतच नाही. यजमान मात्र सगळा वेळ पाहुण्यांकडे पाठ करून शेगडीपुढे. एक्झॉस्टच्या आवाजात हॉलमधलं बोलणं ऐकू येत नाही. पुण्याहून वर्षा-दोन वर्षांनी आलेला आतेभाऊ जे काही सांगत असतो ते मला दुसऱ्या दिवशी बायकोकडून कळतं. आपल्याकडे यजमान शेवटी बसतो हे मान्य, मीही तसाच वाढलोय. पण पंगत तरी एकत्र बसते ना? आग्रह करायला समोर पान वाढलेलं लागतं, आणि इथे पानंच वेगवेगळ्या वेळी वाढली जातात.

केटररकडे हे होत नाही, कारण त्याची भट्टी मोठ्या ज्वाळेची असते आणि तीन-चार माणसं एकाच वेळी कढया हलवत असतात. घरच्या शेगडीचे दोन मोठे बर्नर धरले, तरी गार भाज्या पडल्या की कढईची आच उतरते, भाज्यांना पाणी सुटतं आणि एका बाऊलला चार-पाच मिनिटं सहज जातात. बारा जणांचा पहिला फेराच अर्ध्या तासाचा होतो, तोही मध्ये काही सांडलं-लवंडलं नाही तर. दोघांचं एकत्र केलं तर वेळ वाचतो, पण मग ‘आपापला’ या शब्दाला अर्थ उरत नाही. तुमच्याकडे चार मोठे बर्नर आणि हाताशी तरबेज माणूस असेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, हे कबूल.

इंदुरात अजून एक गोष्ट धरूनच चालावं लागतं. पाहुण्यांत एखादं तरी जैन कुटुंब असतंच आणि त्यांना कांदा-लसूण चालत नाही. लाइव्हमध्ये त्यांच्यासाठी कढई, पळी, एक बर्नर वेगळा ठेवायचा, म्हणजे उरलेल्यांची रांग दुपटीने लांबणार. टेबलावर हा प्रश्न फार सहज सुटतो. मी मूळचा लाल सॉसच कांदा-लसणाशिवाय करतो: दोन किलो पिकलेले टोमॅटो, तेल, तिखट, थोडी साखर, ओरेगॅनो, आणि उतरवताना बेझिल. लसूण वेगळा, ऑलिव्ह तेलात मंद आचेवर सोनेरी करून छोट्या वाटीत. ज्याला हवा त्याने चमचाभर घालावा. मशरूमही वेगळ्या वाटीत, दूर. शेजारच्या काकू सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांना तोच सॉस सहाच्या आत वाढता येतो आणि त्यांच्यासाठी वेगळं काही शिजवलंय असं त्यांना वाटत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

चीजबद्दलही याच ओघात सांगायला हवं. अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट (दूध साकळवायचं विरजण) वापरतात, तो त्या चीजच्या नियमाचाच भाग आहे. त्यामुळे शाकाहारी घरात पाकिटावरची हिरवी खूण बघितल्याशिवाय कुठलंही परदेशी चीज टेबलावर ठेवू नये. आपल्या डेअऱ्यांचं हिरव्या खुणेचं चीज किसून ठेवलं तर कुणाला विचारावं लागत नाही. पास्त्याच्या पाकिटावरची खूणही बघा. रव्याच्या सुक्या पास्त्यात सहसा अंडं नसतं, ताज्यात बरेचदा असतं.

आता टेबलाची दुखणी. पास्ता गार होतो, चिकटतो, व्हाइट सॉसवर साय धरते. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र गार असते, तेव्हा तर दहा मिनिटांत सगळं थंड. या तिन्हीवर घरगुती उपाय आहेत आणि ते जमले, की चवीतला फरक बराच कमी होतो. पूर्ण जातो असं मी म्हणणार नाही.

सुरुवात पाकिटापासून करावी. ज्यावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय तेच घ्यावं. मैद्याचा पास्ता कढईत एक वेळ चालून जातो, टेबलावर अर्ध्या तासात लगदा होतो. ड्युरममध्ये प्रथिनं जास्त आणि दाणा कडक, त्यामुळे स्टार्च आत धरून ठेवला जातो. हा गहू काही परका नाही. आपण ज्याला बन्सी म्हणतो आणि माळव्यात ज्याला कठिया म्हणतात, तोच हा. इथल्या गहू संशोधन केंद्राने त्याच्या कितीतरी जाती काढल्या आहेत. २०१६ साली आलेली पूसा तेजस ही त्यातलीच, आणि ती पास्त्यालाही चांगली मानतात. इंदूरकराने पास्ता निवडताना गव्हाकडे बघावं, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

आकारात पेने (आखूड नळ्या) किंवा फुसिली (पिळाच्या). स्पॅगेटी टेबलावर नकोच, तिचा एकच गुंता होतो आणि उभ्याने खाणाऱ्याची पंचाईत होते. बारा जणांना एक किलो सुका पास्ता पुरतो. आधी सूप आणि गार्लिक ब्रेड असेल तर थोडा उरेलही. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरला दहा ग्रॅम मीठ हे इटलीतलं ठोकळ माप. एवढं पाणी एका पातेल्यात मावत नाही, म्हणून दोन पातेली चढवायची. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता निथळायचा, थोडं तेल चोळून मोठ्या परातीत पसरायचा. तेलाने सॉस थोडा निसटतो हे खरं, पण टेबलासाठी मी तेवढं सोसतो. पास्त्याचं पाणी फेकायचं नाही. थोडं लाल सॉसमध्ये घालून उकळायचं आणि उरलेलं थर्मासमध्ये भरून टेबलावर ठेवायचं. बाऊलमध्ये चमचाभर घालून हलवलं, की कढईतली ती एकजीव चव बऱ्यापैकी परत येते.

सगळे जमले की एका पातेल्यात पाणी खळखळ उकळायचं. परातीतला पास्ता तारेच्या चाळणीत घेऊन अर्धा मिनिट त्यात बुडवायचा, निथळून हॉटकेसमध्ये. चार-पाच वेळा बुडवलं की अख्खा किलो वाफाळता तयार. दहा मिनिटांचं काम, आणि मग यजमान स्वयंपाकघरातून बाहेर. उशिरा येणाऱ्यासाठी परातीत थोडा मागे ठेवायचा. तो आला की पुन्हा एकदा चाळणी बुडवायची.

व्हाइट सॉसला लिटरभर दुधाला साठ ग्रॅम लोणी आणि साठ ग्रॅम मैदा हे कढईचं माप. टेबलासाठी दोन्ही पन्नासवर आणावं, कारण ठेवल्यावर तो दाटतोच. वर पातळ थर दुधाचा ओतून झाकलं तर साय धरत नाही. दोन्ही सॉस गरम ठेवायला टेंट हाऊसमधून भाड्याने चेफिंग डिश (खालून आच देऊन पदार्थ गरम ठेवणारं भांडं) आणता येते. नसेल तर मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन त्यात सॉसची पातेली ठेवली तरी तासभर भागतं. बाऊल चिनी मातीचे आणि खोलगट घ्यावेत, वाढायच्या आधी गरम पाण्यातून काढून पुसावेत. स्टीलची ताटं नकोत, त्यांत पास्ता लगेच निवतो.

भाज्यांबद्दल फार सांगायला नको. शिमला मिरची, मक्याचे दाणे, ब्रोकोली, बेबीकॉर्न मोठ्या आचेवर परतून, किंचित कच्च्या ठेवून. चोइथराम मंडीत सकाळी गेलं तर बेझिलसुद्धा बरेचदा ताजं मिळतं.

पण टेबलावर एका वाटीत शेव ठेवा. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे आणि इंदूरकर तिच्याशिवाय पोहेही खात नाही, तेव्हा ती मागितली जाणारच. आधीच ठेवलेली बरी. दक्षिण इटलीत पास्त्यावर तळलेला ब्रेडचा चुरा भुरभुरतात, कुरकुरीतपणासाठी. लाल सॉसवर बारीक शेव तेच काम करते. जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, मात्र व्हाइट सॉसवर नको असं माझं मत आहे. आमच्या धाकट्या काकांचं नेमकं उलट मत आहे, आणि टेबल असल्यामुळे ते खुशाल घालून घेतात.

मग लाइव्ह कढई कुणी घ्यावी? पाच-सहा जण असतील, स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल आणि शेगडीपाशी उभं राहूनही गप्पांत भाग घेता येत असेल, तर खुशाल घ्या. चवीचा तो फायदा मग पूर्ण मिळतो आणि वाट बघणंही दहा-पंधरा मिनिटांचंच उरतं. मुलांच्या वाढदिवसालाही तीच बरी, कारण मुलं तशीही एका जागी बसून जेवत नाहीत आणि उकळत्या सॉसच्या टेबलापाशी त्यांची गर्दी नको. मोठ्या माणसांचा आकडा आठ-दहाच्या पुढे गेला, की माझा कल टेबलाकडे जातो.

गोडाची खटपट घरी करू नका. थंडीचे दिवस असतील तर दहा वाजता कुणीतरी “चला, सराफा” म्हणणारच, तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला मसालेदार कंद) आणि गरम जिलेबीसाठी. टेबल मांडलं असेल तर तोवर सगळ्यांची जेवणं झालेली असतात आणि सगळ्या गाड्या एकदमच निघतात.