ट्रस्टचं ग्रँट, सीएसआर की लोकवर्गणी? नव्या संस्थेनं आधी कुणाचं दार वाजवावं

मागच्या आठवड्यात आमच्या बीडकडच्या एका पोरीचा फोन आला, नुकतीच संस्था रजिस्टर केलीये, ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी काम करायचंय, "दादा, टाटांना प्रपोजल टाकू का कंपन्यांच्या मागं लागू?" मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघतो, दर दोन महिन्यांनी कुणीतरी हेच विचारतं, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं टाकतोय.

पहिलं म्हणजे किती पैसे मिळतात यावर तुलना करू नका. पैसा कधी हातात पडतो आणि त्यातून पोरांना सांभाळणाऱ्या ताईचं मानधन देता येतं का, एवढं बघा. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या ऊसतोड टोळ्या निघतात, पोरं एकतर म्हाताऱ्या आजीजवळ राहतात नाहीतर सोबत फडावर, आणि तिथून शाळा सुटतेच. त्यांना ठेवून घ्यायचं तर खर्च नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, आणि त्यात धान्याइतकाच महत्त्वाचा खर्च म्हणजे पोरांना जेवू घालून अभ्यासाला बसवणारी बाई.

आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला ठरावीक हिस्सा सामाजिक कामाला देणं. कागदावर एकदम मस्त. २०१३ चा कंपनी कायदा, १ एप्रिल २०१४ पासून लागू, ज्यांची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी त्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे, आणि परवानगी असलेल्या कामांच्या यादीत सुरुवातच भूक, गरिबी, कुपोषण यापासून. पण बाहेरची संस्था असेल तर तिला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि २०२१ पासून सीएसआर-१ नंबर (सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थांची सरकारकडची नोंदणी). म्हणजे ह्या पोरीसाठी हे दार तीन वर्षं बंदच! त्यात कायदाच म्हणतो की कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, चाकण-रांजणगावजवळ असाल तर बरंय, आमच्याकडं कारखाना म्हटलं की साखरेचाच.

आणि वेळेचं बोलायचं तर आम्हाला एकदा एका कंपनीचा हप्ता फेब्रुवारी संपता संपता आला, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणे, पोरं दिवाळीपासून जेवतायत ती उधारीवर, किराणावाल्यानं तोंड बघून माल दिला म्हणून निभावलं. मानधनाचंही तेच, "ॲडमिनला पाचच टक्के" असं तोंडावर फेकतात. तर ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तुमच्या संस्थेच्या खर्चावर नाही, हे त्यांच्या माणसाला शांतपणे सांगायचं, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. एक मात्र नक्की, सीएसआरमधून कॉर्पसला (संस्थेच्या कायमच्या निधीला) पैसे घेता येत नाहीत, त्यामुळं पुढच्या वर्षाची शिल्लक त्यातून उभी राहणार नाही.

मोठ्या ट्रस्टचं गणित वेगळं असतं. टाटा ट्रस्ट्सचंच घ्या, सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजींचा १९३२ चा, सगळ्या ट्रस्टचा मिळून टाटा सन्समध्ये (टाटा समूहाच्या मुख्य कंपनीत) साधारण ६६ टक्के हिस्सा, पैसा डिव्हिडंडमधून येतो. म्हणून असे ट्रस्ट दोन-तीन वर्षांचं काम धरू शकतात आणि माणसाच्या पगाराला नाक मुरडत नाहीत. पण त्यांना काम मोठ्या पट्ट्यावर लागतं, चाळीस पोरांच्या वसतिगृहासाठी मी तरी तिकडं वेळ घालवणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी लोकांचं महाराष्ट्र फाउंडेशन आहे, १९७८ पासूनचं, पुरस्कारांमुळं नाव सगळ्यांना माहीत. पण परदेशी पैसा म्हटला की एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) आलं, तिथंही तीन वर्षं जुनी संस्था आणि तीन वर्षांत १५ लाखांचं काम दाखवावं लागतं. पूर्वी मोठी संस्था घेऊन छोटीला द्यायची, २०२० च्या दुरुस्तीनं ते बंद झालं. हां, भारतीय पासपोर्टवाला भाचा दुबईहून स्वतःच्या कमाईतले पाठवत असेल तर ते परदेशी धरत नाहीत, अमेरिकन नागरिक झालेल्या काकाचे मात्र धरतात!

राहिली लोकवर्गणी. कटकटीची, पण पैसा ऑक्टोबरमध्ये लागतो तर ऑक्टोबरमध्ये मागता येतो. लोकसत्ताचा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम २०११ पासून गणपतीत संस्थांची ओळख करून देतो आणि लोक खरंच चेक पाठवतात, नाव लागलं तर नशीबच. नाहीतर गावातले शिक्षक, मेडिकलवाले, पुण्यात नोकरीला गेलेली पोरं, दरमहा ५०० चे चाळीस जण मिळाले की महिन्याला २० हजार झाले, त्यात दोन ताया निघतात. पावती लगेच द्या, २००० च्या वर रोख दिली तर ८०जीची सूट नाही हे आधीच सांगा, आणि नव्या टॅक्स रिजीमवाल्यांना ती सूट तशीही मिळत नाही, त्यामुळं त्यावर भिस्त ठेवू नका.

तर त्या पोरीला सांगितलं, पहिली तीन वर्षं लोकवर्गणीवर काढ, ऑडिट मात्र पहिल्या दिवसापासून नीट कर, चौथ्या वर्षी सीएसआरला जा आणि तेव्हाही त्यांच्याकडून गाद्या-भांडी-सोलर घे, ताईचं मानधन त्यांच्या हप्त्यावर ठेवू नको. ती म्हणाली चाळीस जण कुठून आणू, म्हटलं एक लिही माझं नाव, आता एकोणचाळीसच राहिले.