लिंग गुणोत्तराचा भिंतीवरचा नकाशा : रत्नागिरी हिरवी का दिसते?

अकरावीच्या भूगोलाच्या वर्गासाठी पुण्यातील अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून महाराष्ट्राच्या जिल्हानिहाय लिंग गुणोत्तराचा लॅमिनेट केलेला नकाशा मी 340 रुपयांना आणला. 2011 च्या जनगणनेवर आधारलेल्या या तक्त्यावर दोन नकाशे शेजारी शेजारी छापले आहेत. डावीकडे एकूण लोकसंख्येतील दर हजार पुरुषांमागे असलेल्या स्त्रियांची संख्या आहे, तर उजवीकडे शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे असलेल्या मुलींची. या जोडीसाठीच तो विकत घ्यावा.

डावा नकाशा एकटा टांगला असता तर त्याने दिशाभूलच केली असती. त्यात रत्नागिरी 1122 च्या आकड्यासह गडद हिरवी आहे, मुंबई शहर 832 वर लालभडक आहे, आणि हे पाहून ‘कोकणात मुलींना मान आहे’ असे उत्तर एका विद्यार्थिनीने तत्काळ दिले. मी तिला उजव्या नकाशावर बोट ठेवायला लावले, तेव्हा तीच रत्नागिरी 936 वर येऊन फिकट पिवळी झालेली तिला दिसली. चाकरमानी मुंबईला गेला की गावच्या गणनेतून एक पुरुष वजा होतो आणि तोच मुंबईच्या बेरजेत धरला जातो; त्या हिरव्या रंगाचे बरेचसे रहस्य एवढेच आहे. आपले दोन्ही मामा परळला राहतात, हे तिला मग आपणहून आठवले.

सहा वर्षांच्या आतली मुले मात्र नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली असायला हव्यात. प्रत्यक्षात बीडमध्ये 807, जळगावात 842 आणि उसाने सधन झालेल्या कोल्हापुरात 863 आहेत, तर जंगलातल्या गडचिरोलीत 961. गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 मध्ये, केंद्राच्याही आधी कायदा करणाऱ्या राज्याचे हे चित्र आहे, आणि त्यावर आमचा एक अख्खा तास गेला.

छपाई सुबक आहे. संपादन मात्र ढिसाळ आहे. शीर्षकपट्टीत राज्याचे गुणोत्तर 925 दिले आहे आणि खालच्या कोष्टकात 929. पहिला आकडा हंगामी, दुसरा अंतिम, पण तसे कुठेही लिहिलेले नाही. ज्या 950 शी ताडून पाहायचे, त्याची खूण रंगसूचीत नाही. सर्वांत खटकले ते पालघर : 2014 मध्ये जन्मलेल्या या जिल्ह्याला 2011 च्या नकाशात स्वतंत्र सीमा आखून ठाण्याचाच 886 हा आकडा बिनदिक्कत चिकटवला आहे. दुकानदाराने नकाशा बदलून देण्याची तयारी दाखवली, परंतु गठ्ठ्यातल्या सर्व प्रतींत हीच चूक होती, म्हणून पालघरवर ‘तेव्हा ठाण्यात’ अशी कागदाची पट्टी डकवून मी तो वर्गात लावला आहे.