आळेफाट्याजवळचे पंपवाले चाचा: पाचपैकी चार

दुकानाच्या बोर्डावरची अक्षरं कधीच पुसली गेलीत, तेव्हा नाव शोधत बसू नका. तीन शटरं आहेत, त्यातल्या मधल्या शटरसमोरची जमीन डिझेल पिऊन काळी झालीय. चाचा डिझेल गाड्यांचे पंप (इंजिनाकडे डिझेल ढकलणारे) आणि नोझल (ते आत फवारणारे) दुरुस्त करतात. ‘पंपवाले चाचा’ म्हटलं की टपरीवाला बोट दाखवतो.

माझी टाटा ४०७ आहे, छोटा ट्रक. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि रात्रीतून वाशी गाठायची, हा धंदा. दिवाळीपासून गाडीला एकच खोड लागली होती. संध्याकाळी धडधाकट उभी केलेली गाडी पहाटे चालूच होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. डिझेल हाताने चढवायचा इंजिनावरचा हँडपंप दाबून पाइपातली एअर, म्हणजे हवा, काढली की मात्र चालू, मग दिवसभर तक्रार नाही. ज्या गॅरेजात पावसाळ्याआधी टाकीचा रबरी पाइप बदलून घेतला होता, तिथेच दाखवली. त्याने बॉनेटखाली डोकंही न घालता सांगितलं, “पंप गेलाय. पंप-नोझल मिळून १८ हजार धरा.”

पैशाची जुळवाजुळव केली आणि रात्रीच चाचांच्या दारात गाडी लावून केबिनमध्ये झोपलो. सकाळी म्हटलं, “चाचा, पंप खोलायचाय.”

“खोलू की. आधी सेल्फ मारा. दहा सेकंद, जास्त नको.”

ते मागे सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहिले. “धूर नाही शेठ. पांढरा धूर असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, असं म्हटलो असतो. इथं डिझेल वर पोचतच नाही.” मग पंपाचा स्टॉपचा लिव्हर, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणारा, बोटाने हलवून पाहिला. केबल अडकून लिव्हर बंदवरच राहिला म्हणून लोक अख्खा पंप उतरवून आणतात म्हणे. माझा लिव्हर मोकळा होता.

फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून पोराला हँडपंप मारायला लावला. नुसता फेस. पन्नास-साठ वेळा दाबलं तरी बुडबुडे संपेनात. चाचांनी पोराला थांबवलं आणि आतून पाच लिटरचा कॅन आणला. त्याला गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी. टाकीकडून येणारा पाइप काढून ती नळी थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडली. आता नळीतून डिझेल चढताना डोळ्यांनी दिसत होतं, आणि वीसेक दाबांत फेस जाऊन स्वच्छ धार लागली. चारही नोझलचे नट सतरा नंबरच्या पान्याने ढिले केले, सेल्फ मारला, एकेका नटातून डिझेल उडालं तसा तो आवळत गेले. तिसरा आवळताना इंजिन बोललं.

“पंप ठणठणीत. खोलायचा नाही,” चाचा म्हणाले. ज्याचं पोट पंप खोलण्यावर, तो माणूस हे बोलतोय.

दोष निघाला टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या त्याच नव्या पाइपात. क्लिप वाजवीपेक्षा जास्त आवळलेली, तिच्या खाली रबर नखभर चिरलेलं. मी विचारलं, मग डिझेल कधी गळताना कसं दिसलं नाही? चाचा म्हणाले, टाकी चॅसीला खाली, पंप वर. या पाइपातून डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही, म्हणून चिरेतून थेंब बाहेर येत नाही, हवा आत शिरते. गाडी उभी राहिली की रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि पहाटे पाइपात हवाच उरते. मी तीन महिने गाडीखाली ओल शोधत होतो!

पाइप, दोन क्लिपा, दोन्ही फिल्टर, तांब्याचे नवे वायसर (जुने परत लावत नाहीत, यावर वाद घालू नका) आणि मजुरी धरून ११५० रुपये झाले.

एक तारा कापला, त्याचं कारण ऐका. बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आकडा लिहून दिला. बसायला एक उलटा ड्रम आहे, त्यावर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. फोन उचलत नाहीत. शुक्रवारी दुपारी नमाजाला शटर खाली असतं, त्या वेळेत जाऊ नका.

थांबावं लागलंच तर आतल्या नोझल टेस्टरपाशी उभं राहा. हँडल दाबलं की दाबाचा काटा दोनशे बारच्या आसपास चढतो आणि चांगलं नोझल टर्रकन धुक्यासारखं फवारतं. खराब असेल तर थेंब लोंबतो. मी कौतुकाने बोट पुढे नेलं, तर चाचांनी मनगटावर फटकाच मारला. ती फवारणी कातडी फोडून आत जाते.

निघताना चिरलेला पाइप हातात दिला, “त्या गॅरेजवाल्याला दाखवा.” अजून डॅशबोर्डवरच पडलाय. त्या बाजूला फेरी लागलेली नाही.