आठ महिने टायमर लावून काम केलं, त्याचा हिशेब

चावीचा टायमर आणला तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "मोबाइलमध्ये नाही का हा?" आहे की. पण टायमर लावायला मोबाइल हातात घेतला की तो २० मिनिटं खाली ठेवला जात नाही. म्हणून हा पिळायचा, टिकटिकणारा, ६० मिनिटांचा.

पद्धत पोमोदोरोची. १९८०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोसारखा टायमर समोर ठेवला. पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी.

नव्याचे नऊ दिवस छान गेले. मग एकदा भर मीटिंगमध्ये पर्समधून खणखणाट झाला. शेजारच्या टेबलावरून टिकटिकीची तक्रार आली ती वेगळीच. आता तो ड्रॉवरमध्ये रुमालावर बसतो.

खरा फायदा टायमरपेक्षा सोबतच्या वहीने दिला. काम सुरू करण्याआधी अंदाज लिहायचा, संपल्यावर प्रत्यक्ष लागलेले फेरे. महिन्याच्या रिपोर्टला पहिल्यांदा लिहिले २ फेरे, लागले ५. पुढच्या महिन्यात शहाणपणा करून ३ लिहिले, लागले पुन्हा ५! कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे दाखवून दिलं होतं: माणूस अंदाज करताना समोरचं काम बघतो, मागच्या वेळी किती वेळ लागला होता ते बघत नाही. तिसऱ्या महिन्यात मी वहीचं मागचं पान उलटलं आणि निमूटपणे ५ लिहिले. साहेबांनी विचारल्यावर "देते लगेच" म्हणायची सवय तिथे सुटली. आता सरळ सांगते, अडीच तास लागतील. कुणी रागावलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

घरी मात्र २५ मिनिटांचं गणित साफ फसलं. दारावरची बेल, कुणाचा तरी फोन, मुलाचा हरवलेला एक मोजा. शेवटी हट्ट सोडला आणि १५ मिनिटांवर आले. सगळ्यांनी मिळून आवरायचं, घंटा वाजली की हातातलं ठेवून द्यायचं. गंमत म्हणजे इथे अंदाज उलट्या बाजूला चुकतात. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं हे "तासाभराचं काम" म्हणून दोन दिवस खुर्चीवर पडून होतं. लागली ११ मिनिटं.

उणिवाही आहेत. १० मिनिटांच्या आतली वेळ लावायची तर काटा आधी पुढे नेऊन मागे आणावा लागतो, नाहीतर घंटा वाजतच नाही. स्प्रिंग सैलावली असावी, २५ची आता जवळपास २७ होतात. लिहिण्यात तंद्री लागली असताना घंटा झाली तर मी ती सरळ बंद करते आणि पुढे लिहीत राहते. कट्टर मंडळींना हे चालणार नाही. आणि सुट्टीच्या ५ मिनिटांत मोबाइल उघडला तर ती सुट्टी नव्हेच, उठून खिडकीपर्यंत जाऊन आलेलं परवडतं.

परवा मुलाने हाक मारली. मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, "५ मिनिटांत आले रे." त्याने गुपचूप टायमर पिळून माझ्या शेजारी ठेवला. मी उठून गेले तेव्हा वही त्याच्या मांडीवर होती आणि त्याच्या वाकड्या अक्षरात नवी ओळ: आई येणार. अंदाज ५. प्रत्यक्ष १९.