पायपर सुपर कब, फेअरबँक्समधल्या चार हिवाळ्यांनंतर

अलास्कातल्या थंडीत हे छोटं विमान कसं सांभाळतो, घेताना काय बघायचं, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितो. माझ्याकडे पायपर पीए-१८ सुपर कब आहे, १५० हॉर्सपॉवरचं लायकॉमिंग इंजिन, एकामागे एक दोन सीट, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वरून कापड. हो, कापडच. १९४९ चं डिझाइन आहे, पण अलास्कात याला तोड नाही असं माझं ठाम मत आहे, कारण हे विमान ताशी ७० किमीच्या आसपासही हवेत टिकून राहतं, नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरतं, आणि एखादी नळी वाकली तर वेल्डिंग करून, कापड चिकटवून पुन्हा उभं राहतं.

पण नवीन घेणारे सगळे पैसे आधी ३१ इंची बुशव्हील टायरवर घालतात ते बघून जीव तुटतो. टायर भारीच आहेत, हवा इतकी कमी ठेवायची की दगडावर आला की टायर पसरतो आणि दगड पोटात घेतो, मीही घेतलेत. पण ते उन्हाळ्याचं काम झालं. हिवाळ्यात आम्ही चाकांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या स्कीवर, आणि तेव्हा खरा प्रश्न एकच, इंजिन गरम आहे का? लायकॉमिंग कंपनी स्वतःच सांगते की उणे १२ अंश सेल्सिअसच्या खाली प्रीहीट करा, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन गरम करा, आणि इथे उणे ३० म्हणजे रोजचंच. मी सिलिंडरना आणि खाली तेल साठतं त्या टाकीला (ऑइल संप) हीटर लावलेत, वरून गोधडीसारखं जाड इंजिन कव्हर, रात्रभर प्लग चालू. पंखांची कव्हरं तर सगळ्यात आधी घ्या, पंखावर दंवाचा पॉलिशपेपरसारखा खरखरीत थर जरी असला तरी लिफ्ट, म्हणजे विमान वर उचलणारा जोर, जाते आणि तो थर काढताना बोटं बधिर होतात.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा उतरलो आणि बघतो तर प्रोपेलरच्या मागे, काउलिंगवर (इंजिनावरचं पत्र्याचं झाकण), विंडशील्डवर सगळीकडे तेल. झालं असं की इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी जी ब्रीदरची नळी असते तिच्या टोकाला बर्फ धरला, आतला दाब वाढला आणि क्रँकशाफ्टचं, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याचं, तेल अडवणारं पुढचं सील बाहेर आलं. या नळीला वर, काउलिंगच्या आत, एक छोटं भोक ठेवतात, म्हणजे टोक गोठलं तरी दाब तिथून निघून जातो. माझ्या नळीला ते नव्हतंच, आधी कुणीतरी नळी बदलताना पाडायचं राहिलं होतं. विमान बघायला जाल तेव्हा काउलिंग उघडून हे भोक स्वतःच्या डोळ्यांनी बघा, प्लीज.

आता वजन. कमाल ७९४ किलोची परवानगी, माझं रिकामं विमान स्की धरून ५२० किलो, दोन्ही टाक्या फुल केल्या की ९८ किलो पेट्रोल, उरले १७६. त्यात जाड कपड्यांतली दोन माणसं आणि जंगलात अडकलो तर लागणारी बॅग, जी इथे कायद्यानेच लागते, खाणं, आग पेटवायचं सामान, प्रथमोपचार, सिग्नल वगैरे. माझी २२ किलोची आहे. खाण्यात मी शेंगदाण्याची चिक्की ठेवायचो, पण उणे ३० ला ती दाताने तुटत नाही, आता आधीच बारीक कुटून पिशव्यांत भरतो. बॅग हलकी करायचा मोह होतो, तेव्हा मी मागच्या सीटवरचा माणूस कमी करतो, बॅग नाही.