कॅट स्केल: ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचं खरं वजन

अमेरिका-कॅनडातल्या ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल हा वजनकाटा मुळात मोठ्या मालट्रकसाठी आहे. पण पिकअपला ट्रॅव्हल ट्रेलर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडणाऱ्यांनाही याच्याइतकी उपयोगी सेवा दुसरी नाही. पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर यांचे आकडे एकाच पावतीवर वेगवेगळे मिळतात.

ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हिचच्या, म्हणजे पिकअपमागच्या जोडणीच्या, बॉलवर येतो. बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असल्याने पिकअपचं नाक उचललं जातं, उसाच्या ट्रॉलीने ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात तसंच. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) १४५ इंच, एक्सलपासून बॉल ६५ इंच मागे आणि बॉलवर ८०० पाउंड असतील, तर पुढून सुमारे ३६० पाउंड जातात आणि मागे ८०० नव्हे, ११६० चढतात. फक्त पेलोडचा (गाडी पेलू शकेल त्या एकूण भाराचा) हिशेब करणारे इथेच फसतात.

वजन तीनदा करा: हिचचे स्प्रिंग बार (मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर परत आणणारे दांडे) ताणून, बार काढून आणि ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या पिकअपचं. माणसं, सामान आणि इंधन तिन्ही वेळा तेवढंच हवं. त्याच काट्यावर २४ तासांत केलेलं फेरवजन स्वस्तात होतं. पुढची चाकं काट्याच्या पहिल्या प्लेटवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. पिकअप आखूड असल्याने पुढची चाकं पहिल्या प्लेटच्या मागच्या कडेजवळच थांबवा. 'वे माय ट्रक' ॲपमधून पैसे भरले की इंटरकॉमच्या उंच बटणापर्यंत हात पोचवायची गरज उरत नाही.

नमुन्याचे आकडे (पाउंडांत) बघा. नुसती पिकअप: पुढे ३२८०, मागे २७२०. ट्रेलर जोडून, बार काढून: २९२०, ३८८० आणि ट्रेलरच्या चाकांवर ५७००. बार ताणून: ३१२०, ३५८० आणि ५८००. दाराच्या स्टिकरवर मागच्या एक्सलची मर्यादा ३८०० असेल, तर बारांशिवाय ती ८० पाउंडांनी ओलांडली जाते. पुढून गेलेल्या ३६० पैकी २०० परत आले, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. फोर्ड एफ-१५० साठी कंपनी निम्म्याच्या आसपासच सांगते. कमी पडलं तर हिचचं डोकं मागे कलवा किंवा बार ताणणाऱ्या साखळीची एक कडी आणखी वर घ्या. बार गरजेपेक्षा जास्त ताणले तर मागची चाकं हलकी होऊन वळणावर गाडी दुमडण्याचा धोका वाढतो.

मागच्या स्प्रिंगना आधार देणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, लावून गाडी सपाट दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. एअरबॅग फक्त उंची वाढवते, पुढचं हरवलेलं वजन परत आणत नाही. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक तितकेच कमकुवत राहतात.

उणीव एकच, पण महत्त्वाची: डाव्या-उजव्या चाकांचं वजन इथे वेगळं कळत नाही. दोन एक्सलच्या ट्रेलरचाही एकत्रच आकडा येतो. ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असेल, तर प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करणारी सोय शोधावी लागेल.